मावळांतील सरपण

मुळशी तालुक्यांत आज जेथें लवासा नगर उभें आहे, तें मोसे खोरें बारा मावळांपैकीं एक. येथें पावसाळ्यांत संततधार. म्हणून कुणबी मृगापूर्वींच लांकडें फोडून, उन्हांत वाळवून पडवींत रचून ठेवी. फोडलेल्या लांकडांतील ओलावा लवकर जातो. ओलें लांकूड ऊब थोडी व धूरच फार देतें. चुलीवर भाकरी होई आणि तिच्याच उबेनें भिजलेलीं घोंगडीं वाळत.

हें सरपण आणावयाचें जंगलांतून. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव वनांतील पूर्वापार वहिवाट हक्क न राहतां सरकारी सवलत ठरली. जोतीराव फुले ह्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ च्या ग्रंथांत जंगल खात्यामुळें झालेली गरिबांची कोंडी मांडली. घाटाखालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं, १८८५ सालीं सरकारला जंगल कमिशन नेमावें लागलें. तरीहि असंतोष शमला नाहीं. २५ सप्टेंबर १९३० रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार होऊन माणसें मेलीं.

ज्या फांट्यावांचून चूल पेटत नाहीं, तो तोडणेंच गुन्हा ठरलें, कीं राज्य कोणाचें हें घरांतल्या बाईलाहि समजतें.