टाळकऱ्यांच्या रांगेतून

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने मांजरसुंब्याचा घाट जवळ येऊ लागला म्हणजे बालाघाटाच्या ज्या उघड्या टेकड्या दुतर्फा दिसू लागतात, त्यांच्याच एका घळीत कपिलधार हे क्षेत्र वसले आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार, तिच्या पायथ्याचे कुंड आणि संत मन्मथस्वामींचे समाधिमंदिर, एवढाच या स्थानाचा विस्तार; परंतु कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्यातून आणि कर्नाटक-तेलंगणाच्या सरहद्दीवरील गावांतून ज्या दिंड्या पायी येथे येतात, त्यांच्याबरोबर शिवकीर्तनाची जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या या घळीत उतरत आली आहे, तिच्या शिक्षणाचा इतिहास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. आज तो सांगण्याची निकड अशी की, कीर्तन, गायन, नर्तन या विद्या माणसाला कशा प्राप्त होतात याविषयी एक नवी आणि माझ्या मते सर्वस्वी चुकीची समजूत दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी घरोघर पोहोचविली आहे.

मन्मथस्वामी हे सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळातील वीरशैव संतकवी. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ मराठवाड्यातील लिंगायत घरांतून आजही पारायणास लावला जातो, आणि त्यांचे अभंग शिवकीर्तनात निरूपणासाठी घेतले जातात. ज्या संप्रदायाची वचने कन्नडात जन्मली, त्याचे तत्त्वज्ञान मराठी ओवी-अभंगांत उतरविण्याचे कार्य त्यांनी केले, आणि त्याच सुमारास पैठणास एकनाथ, तर अंबाजोगाईस दासोपंत (1551–1615) नांदून गेले. दासोपंतांचा ‘पदार्णव’ तर गाण्यासाठीच निर्माण झालेला. गोदावरी आणि मांजरा यांच्यामधल्या या मुलखात काव्य, निरूपण आणि गायन ही तीन कामे तीन माणसांत वाटलेली नव्हती. जो कीर्तनास उभा राही त्याच्याकडून तिन्हींची अपेक्षा असे. शिवकीर्तनकाराच्या नावामागे शि.भ.प. (शिवभक्तपरायण) लागते आणि वारकरी कीर्तनकाराच्या नावामागे ह.भ.प. (हरिभक्तपरायण); दैवत आणि दीक्षा निराळी, परंतु माणूस तयार होण्याची रीत दोन्हीकडे जवळपास एकच राहिली.

ही रीत इतकी दृढ का झाली, हे समजून घेण्यासाठी मोगलाईचा, म्हणजे निजामी राजवटीचा, काळ ध्यानात घ्यावा लागतो. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करेपर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले. 1924 च्या नियमांनी खाजगी शाळा काढण्यास सरकारी मंजुरी अनिवार्य झाली, तर 1929 च्या ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने सार्वजनिक सभांवर निर्बंध आले. ज्या रयतेला मातृभाषेतील पाठशाळा दुर्लभ आणि सभा दुष्प्राप्य, तिला प्रौढ मराठी कानी पडण्याचे ठिकाण म्हणजे मठ, मारुतीचे देऊळ आणि सप्ताहाचा मंडप. तेथे अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही शेकडो ओव्या मुखोद्गत असत. कीर्तन हे त्या समाजाचे केवळ भक्तिसाधन वा मनोरंजन राहिले नाही. भाषा, इतिहास, तर्क आणि संगीत यांचे ते एकमेव सार्वत्रिक शिक्षण होऊन बसले, आणि म्हणूनच कीर्तनकार घडविण्याकडे गावाने कधी हलगर्जीने पाहिले नाही.

मांजरसुंब्याहून केजच्या वाटेला लागले की नेकनूर लागते. हे बंकटस्वामींचे गाव. पुण्याच्या विष्णुबुवा जोगांनी, ज्यांनी तारुण्यात कुस्तीचा आखाडा गाजविला आणि पुढे तुकोबांच्या गाथेचे सार्थ संपादन केले, 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या आरंभीच्या मंडळींत सोनोपंत दांडेकरांसारख्या विद्वानाबरोबर नेकनूरचे बंकटस्वामीही होते. 1920 साली जोगमहाराजांचे देहावसान झाल्यावर संस्था उभी ठेवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्यांत बंकटस्वामींचे नाव अग्रक्रमाने येते, आणि पुढे भगवानगडाचे भगवानबाबा (1896–1965) यांनी त्यांच्याच हाताखाली आळंदीस अध्ययन केले. कपिलधारेच्या परिसरातील एक खेडे आणि इंद्रायणीकाठची ती संस्था यांचा हा संबंध बीडच्या लोकांना ठाऊक आहे. बाहेरच्यांना तो ठाऊक असावा असे मला फार वाटते, कारण दुष्काळी म्हणून हिणविल्या गेलेल्या या जिल्ह्याने कीर्तनविद्येचे आचार्य दिले आहेत.

आळंदीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. विद्यार्थ्याने माधुकरी मागून उदरनिर्वाह करावा, पहाटे काकड्यास हजर राहावे, ज्ञानेश्वरी आणि गाथा पाठ करावी, ‘विचारसागरा’सारखा वेदान्तग्रंथ गुरुमुखातून समजून घ्यावा, आणि या सर्वांबरोबर टाळ आणि चाली शिकाव्यात. परंतु जी गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसते, आणि जी आळंदीसही होते आणि कपिलधारेच्या दिंडीतही होते, ती म्हणजे मागे उभे राहणे. कीर्तनकाराच्या पाठीमागे टाळकऱ्यांची जी रांग असते, तिच्यात मुलगा प्रथम उभा राहतो तेव्हा त्याच्याकडून एवढेच मागितले जाते की टाळाचा ठोका चुकू नये आणि तोंड उघडे ठेवावे. काही काळाने त्याला चाली अंगवळणी पडतात. कोणत्या अभंगाला कोणती चाल शोभते आणि पट्टी केव्हा चढवावी हे त्याला कोणी सांगत नाही, त्याच्या कानाला ते आपोआप कळू लागते. मग प्रमाणे पाठ होतात. कीर्तनकाराने निरूपणाच्या ओघात एखाद्या ओवीचा आरंभ करावा आणि मागच्या रांगेने ती तत्काळ उचलावी, या व्यवहारात विद्यार्थ्याच्या पाठांतराची परीक्षा प्रत्येक रात्री, सर्वांसमक्ष आणि तरीही कोणाच्या लक्षात न येता होत असते. जो चुकतो त्याची चूक रांगेच्या आवाजात झाकली जाते, आणि घरी गेल्यावर ती ओवी तो पुन्हा पाठ करतो.

या झाकण्याला मी फार मोल देतो. शिकणाऱ्याची चूक झाकली जाणे ही दया नव्हे, ती शिक्षणाची अवश्य अट आहे. ज्याची चूक जाहीर होते तो तीच चूक टाळण्यात गुंततो आणि जे येते तेवढेच घोटीत राहतो; ज्याची चूक समूहाच्या स्वरात सामावली जाते त्याला नवे, न जमणारे असे काही करून पाहण्याचे धैर्य राहते. मृदंग शिकणाऱ्याचेही तेच. आधी हातावर बोल, मग भजनाचा साधा ठेका, मग वडील वादकाच्या गैरहजेरीत हरिपाठापुरती साथ, आणि पुष्कळ काळानंतर कीर्तनाची मुख्य संगत. विणेकऱ्याने तर वीणा गळ्यात घेऊन नुसते उभे राहायचे असते. पण सप्ताहात अहोरात्र वीणा खाली ठेवायची नाही हा रिवाज पाळताना त्या माणसाच्या अंगी जे स्थैर्य येते ते पुढे त्याच्या वाणीत उतरते.

स्वतः कीर्तन करण्याची पाळी यावी लागते. ती मागून मिळत नाही. एखाद्या आडगावी ठरलेले महाराज वेळेवर पोहोचत नाहीत, तेव्हा रांगेतल्या कोणास तरी पुढे केले जाते, आणि बहुतेकांचा आरंभ असाच होतो. त्या रात्री बिदागीचा प्रश्न नसतो. एक नारळ आणि पुढच्या सप्ताहाचे निमंत्रण मिळाले तर गावाने पसंती दिली असे समजावयाचे. निमंत्रण न मिळाले तर तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो. त्याला कोणी बाद केलेले नसते. आयुष्यभर टाळकरीच राहिलेली माणसे प्रत्येक दिंडीत असतात, आणि नव्या कीर्तनकाराचे पाऊल शास्त्राबाहेर गेले तर त्याला दुसऱ्या दिवशी बाजूस घेऊन बोलण्याचा अधिकार याच माणसांना असतो. विद्येचे रक्षण त्यांनीच केले आहे.

या व्यवस्थेत न्यून नव्हते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. टाळकऱ्यांच्या रांगेत स्त्रियांना दीर्घकाळ स्थान नव्हते. जातीचे अडसरही सर्वत्र एकाच वेळी सरले नाहीत. रांग सर्वांना समान असली तरी रांगेपर्यंतची वाट समान नव्हती, आणि ज्या मुलींचा कंठ घरच्या ओव्यांतच विरून गेला त्यांची गणती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. 1995 साली झी वाहिनीने ‘सा रे ग म’ ही हिंदी गायनस्पर्धा सुरू केली, तेव्हा परीक्षक म्हणून संगीतातील ज्येष्ठ अधिकारी बसत आणि निर्णय त्यांचा असे. 2004 च्या ‘इंडियन आयडॉल’पासून, ज्याचा पहिला विजेता मुंबईचा अभिजीत सावंत ठरला, प्रेक्षकांच्या दूरध्वनी-संदेशांनी कौल देण्याची पद्धत रूढ झाली, ब्रिटनमध्ये 2001 साली निघालेल्या ‘पॉप आयडॉल’चा तो साचा होता. मराठीत 2008-09 च्या ‘सा रे ग म प लिट्ल चॅम्प्स’ने सारा महाराष्ट्र भारून टाकला. विजेती ठरलेली कार्तिकी गायकवाड आळंदीची, आणि अंतिम पाचांतला रोहित राऊत आमच्या मराठवाड्यातील लातूरचा. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक आणि संगीतशिक्षक. त्या मुलीचा सांप्रदायिक अभंगगायनाचा ढंग महाराष्ट्राने अद्भुत म्हणून वाखाणला. तो होताही तसाच. परंतु त्यामागचा घरचा रियाज आणि आळंदीच्या वातावरणात नित्य कानी पडणारे भजन हे कोणाच्या चर्चेचा विषय झाले नाही. एका मुलीला महाराष्ट्राने मुख्य आसन दिले ही त्या कार्यक्रमाची जमेची बाजू मी मनापासून मान्य करतो. ती जुन्या रांगेला इतक्या सहज साधली नव्हती.

2025 साली सोनी मराठी वाहिनीने ‘कोण होणार महाराष्ट्राचा लाडका कीर्तनकार’ हा कार्यक्रम आणला आणि स्पर्धेचा हा साचा प्रत्यक्ष कीर्तनाला लागला. तरुण कीर्तनकार संध्याकाळी घराघरांत दिसू लागले, याचा आनंद ज्यांना झाला त्यांच्यात मीही आहे. त्यांच्या व्यासंगाविषयी मला शंका नाही. आक्षेप आहे तो साच्यावर. दोन तास चालणारे निरूपण, ज्यात अभंगाच्या पहिल्या चरणावरून निघून, शंका उपस्थित करून, तिचे समाधान करीत पुन्हा त्याच चरणावर यावयाचे असते, ते काही मिनिटांत बसविले म्हणजे शंकाही जाते आणि समाधानही जाते. उरतो तो दृष्टान्त आणि टाळी. स्पर्धकाला प्रकाशझोतात एकटे उभे केले म्हणजे ज्या रांगेने त्याला घडविले ती पार्श्वभूमीची शोभा होते. निकाल तेथल्या तेथे दिला म्हणजे परीक्षक गुरूच्या जागी बसल्याचा भास होतो, आणि गुरू, तो उपस्थित असलाच तर, प्रेक्षकांत डोळे पुसताना क्षणभर दिसतो. दारिद्र्याची कहाणी मात्र विस्ताराने सांगितली जाते, कारण तिच्यातून एकाएकी उजेडात आलेल्या गुणांचे चित्र रंगते. प्रेक्षकाच्या मनावर ठसते ते असे: गुण जन्मतः असतो, तो एके दिवशी शोधला जातो, आणि शोधला गेला नाही तर माणूस वाया जातो.

हे असत्य आहे, आणि गायनाच्या इतिहासातही ते असत्यच ठरते. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडच्या कीर्तनकाराच्या घरी झाला, आणि 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढण्यापूर्वी त्यांनी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी वर्षानुवर्षे विद्या घेतली. स्वतः बाळकृष्णबुवांनी त्या विद्येसाठी ग्वाल्हेर गाठले होते आणि गुरुगृही सेवा केली होती. मराठवाड्यातील नारदीय कीर्तनाचे धुरीण दासगणू महाराज (1868–1962) पोलिसांच्या नोकरीतून या मार्गास आले. यांपैकी कोणी शोधला गेला नाही. पलुस्कर आणि बाळकृष्णबुवा तर दीर्घकाळ कोणाच्या तरी मागे उभे राहिले.

चुकीच्या समजुतीचे परिणाम खेड्यांत दिसतात. मुलाला टाळकऱ्यांत उभे करण्याऐवजी निवडचाचणीस नेण्याची घाई होते, एकच अभंग एकाच चालीत पक्का करून घेतला जातो, आणि चाचणीत निवड न झालेला मुलगा पुन्हा रांगेत येऊन उभा राहण्यास लाजतो. जुन्या रीतीत जी परत येण्याची वाट सदैव मोकळी असे, ती या लाजेने बंद होते, आणि टाळकऱ्यांची रांग तेवढ्याने आखूड होते. रांग आखूड झाली म्हणजे उद्याच्या कीर्तनकाराला घडण्याची जागाच उरत नाही. मग स्पर्धेसाठी तरी माणसे कोठून येणार?

वाहिन्यांनी स्पर्धा बंद कराव्यात अशी माझी मागणी नाही. स्पर्धकाच्या नावाखाली त्याच्या गावाचे नाव पडद्यावर येते, तसेच ज्यांच्या मागे तो उभा राहिला त्यांचे नाव आणि किती वर्षे उभा राहिला ती संख्या लिहावी. त्याला खर्च येणार नाही. आणि पर्वातून एकदा तरी, कपिलधारेस मुक्कामाला आलेल्या एखाद्या दिंडीचे शिवकीर्तन, चुकलेल्या ठोक्यांसह, कात्री न लावता दोन्ही तास दाखवावे, आणि त्यात कॅमेरा निदान अर्धा वेळ कीर्तनकाराच्या पाठीमागे ठेवावा.