लॉस्टमॅजिक

निन्टेन्डो डीएस या हातात मावणाऱ्या गेमयंत्रासाठी 2006 मध्ये निघालेला अद्भुतरम्य साहसी व्हिडिओ गेम. जपानमध्ये तो तायतो कंपनीने, तर अमेरिका व युरोपमध्ये युबिसॉफ्टने प्रकाशित केला. आयझॅक हा तरुण जादूगार त्याचा नायक.

डीएसला दोन पडदे असतात. खालचा पडदा दाब ओळखतो, त्यामुळे लेखणीच्या टोकाने त्यावर बारीक रेषाही काढता येते. या गेमचा सारा प्राण याच सोयीत आहे. मंत्र यादीतून निवडायचा नसतो. त्याचे चिन्ह पडद्यावर स्वतः रेखाटायचे असते. अग्नी, जल, वायू, पृथ्वी, प्रकाश आणि अंधार अशा तत्त्वांची ही चिन्हे. रेखाटन जितके अचूक, तितका मंत्र प्रभावी. पुढे चिन्हे जोडून नवे मंत्रही साधता येतात. चिन्ह काढत असताना शत्रू थांबत नाहीत, म्हणून घाईत हात थरथरला की मंत्र दुबळा पडतो; लढाईतला खरा थरार इथेच आहे. राक्षसांना वश करून आपल्या सैन्यात घेता येते. मात्र लेखणीनेच त्यांना हलवणे किचकट ठरते, ही या गेमची उणी बाजू.

डीएसवरच्याच, कोनामीच्या ‘कॅसलव्हेनिया: डॉन ऑफ सॉरो’ (2005) या गेममध्येही मुद्रा रेखाटाव्या लागतात, पण केवळ बलाढ्य शत्रूंचा शेवट करताना.