शेतकरी आत्महत्यांची गणना, यवतमाळ जिल्हा

यवतमाळमधील शेतकरी आत्महत्यांचा सरकारी आकडा मुळात मदतवाटपाच्या निकषांवर उभा आहे. 19 मार्च 1986 रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हा अशी वेगळी नोंदच नव्हती. पुढे राज्याने वारसांना 1 लाख रुपये देण्याचे ठरवले आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरणे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवू लागली. कुटुंबाच्या नावे सातबारा, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा, असे हे निकष. मक्त्याने कापूस पिकवणारा, अवैध सावकाराकडून पैसे घेतलेला, वनहक्काचा पट्टा न मिळालेला कोलाम आदिवासी शेतकरी त्यांत बसत नाही. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर बहुधा जमीन नसते. तिचा मृत्यू पोलिसांच्या नोंदीत बहुतेकदा ‘गृहिणी’ या रकान्यात जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलिसांच्या नोंदींवरून वेगळी मोजणी करतो आणि शेतमजुरांना स्वतंत्र दाखवतो; त्यामुळे दोन्ही आकडे जुळत नाहीत. फक्त पात्र प्रकरणांची संख्या सांगणे ही दिशाभूलच होय. अपात्र ठरलेल्याच्या वारसांना ही मदत मिळत नाही.