बिअरची आस्वाद-समीक्षा आणि ब्रिटनमधील लघुउत्पादक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

औद्योगिक इतिहासाचे लेखन सामान्यतः उत्पादन, भांडवल व कामगार यांच्या आधारे केले जाते. ग्राहकाच्या रुचीला त्यात गौण स्थान मिळते. ब्रिटनमधील बिअरचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण तेथे लिखित आस्वाद-समीक्षा ही स्वतःच एक ऐतिहासिक शक्ती ठरली.

१९६० च्या दशकात विलीनीकरणाच्या प्रक्रियेतून सहा बलाढ्य उद्योगसमूह पुढे आले. गाळलेली, पाश्चरीकृत व कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने पुरविली जाणारी ‘केग’ बिअर त्यांना सोयीची होती. ती अधिक काळ टिके आणि पबच्या तळघरात तिची विशेष निगा राखावी लागत नसे. याउलट पारंपरिक एल पिंपातच दुसऱ्यांदा आंबते. त्यामुळे तिची चव खुलते, परंतु ती लवकर बिघडते.

या पार्श्वभूमीवर १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहक संघटना स्थापन केली आणि पारंपरिक पेयासाठी ‘रिअल एल’ ही संज्ञा रूढ केली. १९७४ पासून तिची ‘गुड बिअर गाइड’ ही वार्षिक मार्गदर्शिका ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. १९७७ मध्ये मायकेल जॅक्सन (१९४२-२००७) यांनी ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ या ग्रंथात बिअरचे शैलीनुसार वर्गीकरण केले. त्यामुळे ‘आवडली’ किंवा ‘नावडली’ यापलीकडे जाणारी तुलनेची परिभाषा समीक्षकांना लाभली. अप्रसिद्ध लघुउत्पादकांना जाहिरातीविना वाचक मिळाला.

तथापि केवळ समीक्षेने लघुउद्योग तगला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. अनेक पब मोठ्या उत्पादकांशीच बांधलेले होते. १९८९ च्या शासकीय आदेशांनी हे बंधन अंशतः सैल केले, तर २००२ मध्ये वार्षिक ५,००० हेक्टोलिटरपर्यंतच्या उत्पादकांना अबकारी करात ५० टक्के सवलत मिळाली. रुचीने मागणी निर्माण केली. ती टिकविण्यास कायदा व करनीती आवश्यक ठरली.

या चळवळीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ‘रिअल एल’ची व्याख्या चवीवर नव्हे, तर पद्धतीवर आधारलेली होती. पुढे लघुउत्पादकांनीच उत्तम केग बिअर तयार केली, तेव्हा ती या व्याख्येबाहेर राहिली. रुचीच्या रक्षणार्थ घडविलेला निकष रुचीलाच अपुरा पडू शकतो, हा या इतिहासाचा महत्त्वपूर्ण निष्कर्ष होय.