आरोग्यविषयक दाव्यांची पारख : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पूरक आहाराचा ग्राहक कुडपणचा असो वा मुंबईचा, दाव्याची पारख कशी करावी हा प्रश्न समानच आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या प्लेगच्या इतिहासात सापडते. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रतिबंधक लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. तथापि स्वानुभव हा पुरेसा पुरावा नव्हे. म्हणून भायखळा तुरुंगात जवळपास निम्म्या कैद्यांना लस देऊन उर्वरितांशी तुलना करण्यात आली. टोचणीच्या दिवशीच आजारी पडलेले वगळता, टोचलेल्यांत २ रुग्ण आढळले, मृत्यू नाही. न टोचलेल्यांत १२ रुग्ण व ६ मृत्यू. १९५४ च्या कायद्याने चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर निर्बंध आणले. परंतु ‘न घेणाऱ्यांचे काय झाले?’ हा प्रश्न ग्राहकानेच विचारावयास हवा.