नाथसागर : धरण, अभयारण्य आणि न्यायालय

गोदावरीवरचा जायकवाडी प्रकल्प मुळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचा होता. पुढे जागा बदलून तो पैठणला आला, नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या भिंतीमागे ३५० चौरस किलोमीटर पाणी पसरले. त्यासाठी शंभरावर गावे उठली. संत एकनाथांच्या नावावरून या जलाशयाला नाथसागर म्हणतात. छत्रपती संभाजीनगर शहर आणि तिथले कारखाने याच पाण्यावर चालतात.

जलाशय विस्ताराच्या मानाने उथळ आहे आणि त्यातच त्याचे वैभव आहे. पावसाळ्यानंतर पाणी उतरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो. त्यावर शेतकरी गाळपेर करतात. लगतच्या गुडघाभर पाण्यात रोहित पक्षी मान वाकवून, चोच उलटी धरून चिखल चाळतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस हरभऱ्या-गव्हाच्या कोवळ्या पिकात चरतात. खोल पाणी असते तर हे पक्षी इथे थांबलेच नसते. १९८६ मध्ये राज्य शासनाने जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर केले. विकासाच्या प्रकल्पातूनच हे संरक्षित क्षेत्र जन्माला आले.

१२ जुलै २०१७ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित केले. पुढे टीएचडीसी या सरकारी कंपनीने जलाशयावर तरंगत्या सौरऊर्जा प्रकल्पाची निविदा काढली आणि वाद पेटला. विरोधात उभी राहिली ती कहार समाज पंच कमिटी. कहार आणि भोई ही पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारी माणसे. पक्ष्यांचे पाणी आणि जाळ्याचे पाणी त्यांच्यासाठी वेगळे नाही.

कमिटी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. अशा ऊर्जानिर्मितीला या क्षेत्रात मनाई नाही, अशी केंद्राची भूमिका होती. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने दाद नाकारली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह यांच्या खंडपीठानेही हस्तक्षेपास नकार दिला. प्रत्येक प्रकल्पाला विरोध होत राहिला तर देशाची प्रगती कशी होणार, असा न्यायालयाचा सवाल होता.

सौरऊर्जेची गरज खरीच आहे. पण छतावरचे पॅनेल आणि अभयारण्याच्या पाण्यावरचे पॅनेल यांत फरक आहे. पाणी झाकले की ऊन अडते, शेवाळ आणि पाणवनस्पती घटतात, होड्यांची वाट बदलते. म्हणून पॅनेल नेमके कुठे बसणार, उथळ काठापासून किती दूर आणि जाळी टाकण्याची कोणती ठिकाणे मोकळी राहणार, हे काम सुरू होण्याआधी नकाशासह जाहीर झाले पाहिजे. ही मागणी निकालानंतरही रास्तच आहे.