धान गेलं, मग बैल गेले, मग जमीन

आजचा भाग भंडाऱ्याचा. प्रश्न साधा आहे. पीक एका हंगामाचं जातं, मग शेतकऱ्याचं घर पुढची कित्येक वर्षं का सावरत नाही?

आधी धानाचं वेळापत्रक बघू. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलैत रोवणी, साधारण नोव्हेंबरात कापणी. दाणा भरायच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, बांधीत पाणी लागतंच. तोवर बियाणं आणि रोवणीची मजुरी, सगळा खर्च होऊन गेलेला असतो. हस्ताचा पाऊस चुकला तर हाती उरते फक्त तणस.

म्हणून इथल्या लोकांनी तलाव बांधले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या कामात मोठं नाव कमावलं. नवेगावबांधचा तलाव त्यातलाच. तो तेव्हा भंडाऱ्यात होता, 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव मोजले जातात. शेवटचं एक पाणी देऊन पीक वाचवायचं, हे त्यांचं मोठं काम.

पण तलाव पाणी साठवतो, पाऊस पाडत नाही. 1896 ला पावसाने लवकर पाठ फिरवली आणि वैनगंगेच्या खोऱ्यातलं धान गेलं. लोक सावरतात न सावरतात तोच 1899 ला पुन्हा दुष्काळ.

आता नीट ऐका, कारण गरिबी इथेच तयार होते. लहान शेतकऱ्याचं धान हे त्याचं जेवण असतं आणि पैसाही तेच. पीक बुडालं की तांदूळ विकत घ्यावा लागतो, आणि तोही भाव चढलेला असताना. त्यासाठी बैल विकायचे, तर गावात सगळेच बैल विकायला काढतात, म्हणून भाव पडतो. पुढच्या वर्षी पाऊस छान, पण बैल नाहीत आणि बियाणं उसनं. मग सावकार, मग जमीन गहाण. मोठ्या शेतकऱ्याची शिल्लक कमी होते, लहान शेतकऱ्याचं पीक काढायचं साधनच जातं.

हे सरकारलाही दिसलं होतं. 1901 च्या दुष्काळ आयोगाने शेतकऱ्यांच्या परस्पर पतसंस्थांची शिफारस केली आणि 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

पुढे 1951 मध्ये मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजार काही संत नव्हते, सारा वसूल करणारे होते. ते गेले हे बरंच झालं. पण तलाव सरकारकडे गेल्यावर गाळ कोण काढणार, पाळ कोण दुरुस्त करणार, हे बऱ्याच गावांत अधांतरी राहिलं.

आज आपल्याकडे पीक विमा आहे. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू झाली. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. भरपाईचा मुख्य हिशोब महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर होतो. तुमची बांधी गेली आणि मंडळाची सरासरी ठीक निघाली, तर अडचण. शेत पाण्याखाली गेलं तर नुकसान कळवणंही सोपं नसतं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचा महापूर आला, तेव्हा घरातच पाणी होतं. अशा वेळी कोण कुणाला कळवणार, विचार करा. आणि जो दुसऱ्याची जमीन तोंडी ठेक्याने करतो, त्याचं तर सातबाऱ्यावर नावच नसतं.

तलाव पीक वाचवायचा, विमा पीक गेल्यावर पैसे देतो. लहान शेतकऱ्याला दोन्ही लागतात. आणि पैसे पुढच्या रोवणीच्या आधी आले तरच बैल वाचतात, आजच्या भाषेत सांगायचं तर सोनं गहाण पडत नाही.

एक काम करा. घरातले जुने फेरफार काढा. जमीन गहाण किंवा विक्री कोणत्या वर्षी झाली ते बघा आणि त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं पीक कसं होतं, हे आजी-आजोबांना विचारा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!